किनाऱ्याचा केसपेपर

जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगात सायब्युट्रिन नावाचे रसायन वापरायला १ जानेवारी २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या कराराने बंदी आहे. ही बातमी बंदरे आणि जहाजबांधणीच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. सायब्युट्रिन हे रसायन शेवाळाची प्रकाशसंश्लेषणाची क्रिया बंद पाडते, त्यामुळे जहाजाच्या बुडाला शेवाळ धरत नाही. मात्र रंगातून पाण्यात उतरल्यावर ते समुद्रातल्या इतर वनस्पतींनाही सोडत नाही, म्हणून ही बंदी. ज्या करारात दुरुस्ती करून ती घातली गेली, तो करार मुळात अस्तित्वात आला त्यात मोठा वाटा आहे युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीच्या एका गोगलगाईचा.

या गोगलगाईचे इंग्रजी नाव डॉग व्हेल्क आणि शास्त्रीय नाव न्यूसेला लॅपिलस. ती कुठे सापडते, कुठे सापडत नाही आणि कुठून नाहीशी झाली, याची नोंद काही माणसांनी वर्षानुवर्षे ठेवली. त्या नोंदींमधून एका विषाचे निदान झाले, उपचार ठरला, आणि उपचार लागू पडला की नाही हेही कळले. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर हा किनाऱ्याचा केसपेपर आहे. रसायनांवर बंदी घालायची की नाही, किती घालायची आणि कधी घालायची, हे वाद आजही चालू असताना तो एकदा नीट वाचण्यासारखा आहे.

कोण कुठे राहते

युरोपच्या किनाऱ्यावर लहान समुद्री गोगलगाईंच्या पुष्कळ जाती आहेत आणि प्रत्येकीचा पत्ता ठरलेला आहे. भरतीचे पाणी जिथे नुसते शिंतोड्यांच्या रूपाने पोहोचते, अशा अगदी वरच्या खडकांच्या भेगांत मेलाराफे नावाची गोगलगाय राहते. ती एक सेंटिमीटरही भरत नाही. तिच्या थोडे खाली लिटोरिना कुळातल्या, इंग्रजीत पेरिविंकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती. त्याखाली भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात भोवऱ्याच्या आकाराच्या टॉपशेल आणि मांसाहारी डॉग व्हेल्क. खडक संपून चिखल सुरू झाला की मंडळी बदलतात. हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्याला लागून असलेल्या वाडन समुद्राच्या चिखलात पेरिंजिया ही काही मिलिमीटरांची गोगलगाय एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी सापडते. चिखलावरची सूक्ष्म शेवाळे खाऊन ती जगते आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे पोट भरते.

डॉग व्हेल्कचा प्रदेश उत्तरेला आइसलँड आणि नॉर्वेपासून दक्षिणेला पोर्तुगालपर्यंत. खडकाला चिकटून बसणारे बार्नॅकल नावाचे कवचधारी प्राणी आणि आपल्याकडच्या शिणाण्यांच्या जातकुळीतले जोडशिंपले हे तिचे अन्न. शिंपल्याला बारीक भोक पाडून ती आतला जीव हळूहळू खाते. एकच शिंपला संपवायला तिला कित्येक दिवस लागू शकतात. बार्नॅकल आणि शिंपले माजले की खडकावर दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याच्या कामात या गोगलगाईचा मोठा हातभार असतो.

तिच्या आयुष्यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीला कारण झाली. बहुतेक समुद्री प्राण्यांची पिल्ले अगदी लहानपणी पाण्यावर तरंगत दूरवर जातात. डॉग व्हेल्कची पिल्ले जात नाहीत. मादी खडकाच्या सांदीत फुलदाणीच्या आकाराच्या छोट्या कुप्या चिकटवते. एकेका कुपीत शेकडो अंडी असतात, पण त्यांतली बहुतेक अंडी ही वाढणाऱ्या भ्रूणांचा शिधा असतो. काही महिन्यांनी थोडीशी पिल्ले सरपटतच बाहेर पडतात आणि त्याच खडकावर वाढतात. प्रौढ व्हायला त्यांना दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या खडकावरची वसाहत संपली, तर बाहेरून पिल्ले वाहत येऊन ती भरून निघत नाही. शेजारच्या खडकावरून कुणी सरपटत किंवा एखाद्या लाटेबरोबर आली तरच.

नसण्याचे निदान

एखादी गोगलगाय एखाद्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही. तापाची कारणे जशी एकामागून एक तपासून वगळावी लागतात, तशीच इथेही वगळावी लागतात. बाल्टिक समुद्राच्या आतल्या भागात डॉग व्हेल्क नाही, कारण तिथले पाणी तिला मानवेल इतके खारट नाही. वाळूच्या किनाऱ्यावर ती नाही, कारण चिकटायला खडक नाही आणि खायला बार्नॅकल नाहीत. लाटांचा मारा जास्त असेल तिथल्या गोगलगाईंच्या शंखाचे तोंड मोठे असते, म्हणजे खडकाला घट्ट धरणारा पाय मोठा ठेवता येतो. शांत खाडीत खेकडे जास्त, म्हणून तिथले शंख जाड आणि तोंड अरुंद. हे सगळे निसर्गक्रमातले फरक आहेत.

पण खडक आहे, बार्नॅकल आहेत, पाणी खारट आहे, पूर्वीच्या नोंदींत गोगलगाय भरपूर आहे, आणि आज मात्र ती नाही किंवा केवळ जुन्या, वयस्क गोगलगाई उरल्या आहेत, तर? गावात फक्त म्हातारी माणसे दिसू लागली की जन्म थांबले आहेत किंवा तरुण गाव सोडून गेले आहेत, हे सांगायला जनगणनेची गरज लागत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर प्लिमथच्या परिसरात १९८० च्या दशकात असेच चित्र दिसत होते. पिल्ले दिसत नव्हती, कुप्या सापडत नव्हत्या आणि माद्यांची संख्या नरांपेक्षा बरीच कमी झाली होती.

याचा पहिला धागा त्याआधीच हाती आला होता. १९७० मध्ये स्टीफन ब्लेबर या संशोधकाने प्लिमथ साउंडमधल्या डॉग व्हेल्क तपासताना नोंदवले, की काही माद्यांच्या उजव्या शिंगाच्या मागे नरासारखे जननेंद्रिय उगवलेले आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बी. एस. स्मिथ यांना चिखलात राहणाऱ्या वेगळ्या जातीच्या गोगलगाईंमध्ये हाच प्रकार दिसला. त्यांनी त्याला इम्पोसेक्स असे नाव दिले, म्हणजे मादीवर लादले गेलेले नरत्व. होड्या नांगरण्याच्या जागांजवळ हा प्रकार जास्त आढळतो, हेही ध्यानात आले. १९८१ मध्ये स्मिथ यांनी त्याचा संबंध होड्यांच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, या रसायनाशी जोडला.

रंगातले विष

समुद्रात उभ्या असलेल्या कोणत्याही होडीच्या बुडावर काही आठवड्यांत शेवाळ, बार्नॅकल आणि शिंपले धरतात. बूड खडबडीत झाले की होडी जड चालते आणि इंधन जास्त जाळते. मोठ्या जहाजांसाठी हा खर्च प्रचंड असतो. पूर्वी तांब्याचे पत्रे ठोकत, नंतर तांब्याचे रंग आले. १९६० च्या दशकापासून टीबीटीचे रंग वापरात आले आणि ते इतके गुणकारी ठरले, की बघता बघता जगभर पसरले. रंगाचा थर पाण्यात हळूहळू झिजत राही आणि प्रत्येक वेळी ताजे विष पृष्ठभागावर येई. वर्षानुवर्षे बूड स्वच्छ राही. झिजलेले विष कुठे जाते, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात धरलेला नव्हता.

प्लिमथच्या प्रयोगशाळेतील जेफ्री ब्रायन, पीटर गिब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे काम रोगकारण सिद्ध करण्याच्या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. जिवाणूमुळे रोग होतो हे सिद्ध करायला रॉबर्ट कॉख यांनी ज्या पायऱ्या घालून दिल्या, त्याच धर्तीवर ते चालले. जिथे होड्या जास्त तिथे विकृती जास्त, हे आधी नकाशावर दाखवले. मग उत्तर कॉर्नवॉलच्या स्वच्छ किनाऱ्यावरच्या निरोगी गोगलगाई उचलून दक्षिणेकडच्या होड्यांनी गजबजलेल्या खाडीत नेऊन ठेवल्या. त्यांच्यात विकृती उगवली. प्रयोगशाळेत केवळ टीबीटी मिसळलेल्या पाण्यात ठेवलेल्या माद्यांमध्येही तीच उगवली.

धक्का बसण्यासारखी होती ती विषाची मात्रा. एका लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक अब्जावा भाग टिन, यापेक्षाही कमी प्रमाणात विकृती सुरू होत होती. त्याच्या थोडे वर गेले की मादी वंध्य. नराची वीर्यवाहिनी मादीच्या शरीरात वाढत जाऊन अंडी बाहेर पडण्याचा मार्गच बुजवून टाके. कुप्या आत साठत, कुजत, आणि शेवटी मादी मरे. कर्करोगाचे जसे टप्पे ठरवतात, तसे या विकृतीचे शून्य ते सहा असे टप्पे शास्त्रज्ञांनी ठरवले. शून्य म्हणजे निरोगी, पाच म्हणजे मार्ग बुजलेला, सहा म्हणजे आत कुप्या साठलेल्या. आजही युरोपात याच मोजपट्टीवर किनाऱ्यांची तपासणी होते.

गोगलगाई मरत नव्हत्या, म्हणून रूढ चाचण्यांत हे विष या मात्रेला निरुपद्रवी ठरले असते. पाण्यात माशांची निम्मी संख्या कोणत्या मात्रेला मरते, हे त्या काळात विषारीपणाचे नेहमीचे माप होते. इथे एकही जीव तत्काळ मरत नव्हता, फक्त पुढची पिढी जन्मत नव्हती. प्रजननावर होणारा परिणाम मृत्यूच्या मोजमापात दिसत नाही, हा धडा विषशास्त्राला या गोगलगाईने शिकवला.

कालवांना बाजारभाव होता

पहिली बंदी मात्र गोगलगाईमुळे आली नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आर्काशोन नावाची खाडी आहे. तिथे कालवांची मोठी शेती चालते आणि त्याच पाण्यात हौशी नौकांचीही गर्दी असते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे कालवांची नवी पैदास थांबली. वाढलेल्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे, जाड, आत पोकळ कप्पे असलेले होऊ लागले. बाजारात त्यांना कुणी विचारेना. कालव-शेतकरी आर्थिक संकटात सापडले, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीचा रंग लावायला बंदी घातली. काही वर्षांत खाडी सावरू लागली.

ब्रिटनने असाच निर्णय १९८७ मध्ये घेतला आणि १९८९ मध्ये युरोपीय समुदायाने तो सर्व सदस्य देशांना लागू केला. २५ मीटरची रेषा मात्र कायम राहिली. मोठ्या जहाजांना मोकळीक होती, कारण ती खोल समुद्रात असतात आणि तिथे विष विरून जाते, असा युक्तिवाद होता. गोगलगाईंनी तो खोटा ठरवला. हौशी नौकांच्या खाड्या सुधारत गेल्या, पण मोठ्या बंदरांजवळचे किनारे तसेच राहिले. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर सलम व्हो नावाचे तेलवाहू जहाजांचे बंदर आहे. तिथे १९८७ पासून डॉग व्हेल्कची नियमित तपासणी होत आली आहे. धक्क्याच्या जवळ विकृती तीव्र आणि लांब जावे तशी कमी, असे चित्र तिथे वर्षानुवर्षे दिसत राहिले. १९९० च्या दशकात तर उत्तर समुद्राच्या खुल्या भागात, जहाजांची वर्दळ असलेल्या मार्गांवर, डॉग व्हेल्कच्या मोठ्या नात्यातल्या दुसऱ्या एका गोगलगाईतही इम्पोसेक्स सापडला. विष खोल समुद्रात विरत नव्हते.

अखेर ऑक्टोबर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या छत्राखाली अशा रंगांच्या नियंत्रणाचा करार झाला. युरोपीय संघाने आपल्या जहाजांवर २००३ मध्ये हे रंग लावणे थांबवले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये करार जगभर अमलात आला. ब्लेबर यांच्या पहिल्या नोंदीनंतर ३८ वर्षांनी. मधली अर्धवट बंदी गृहीत धरली, तरी पूर्ण पुरावा हाती आल्यावरही २२ वर्षे गेली. प्रतिजैविकाचा अर्धा डोस घेतल्यावर जसे होते तसे झाले: लक्षणे काही ठिकाणी उतरली, आजार राहिला.

उतार पडला, पण हळू

उपचार पूर्ण झाल्यावर मात्र गुण आला, आणि तो मोजून दाखवता आला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर ठरावीक ठिकाणी १९९१ पासून गोगलगाईंची तपासणी चालू होती. २००८ नंतर आकडे झपाट्याने खाली आले आणि २०१७ च्या तपासणीत त्या ठिकाणी विकृतीचा मागमूस उरला नव्हता. ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणासाठी पंधरा देश आणि युरोपीय संघ यांनी मिळून चालवलेल्या ऑस्पार या यंत्रणेच्या पाहणीतही सुधारणेचीच दिशा दिसते. पर्यावरणाच्या बाबतीत आनंदाची बातमी दुर्मिळ असते. ही त्यांपैकी एक आहे आणि ती निश्चित आहे.

तरी दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. पहिली अशी, की पाण्यात टीबीटी काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडते, पण बंदराच्या तळाच्या प्राणवायू नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षे टिकते. बंदर खोल करण्यासाठी गाळ उपसला की जुने विष पुन्हा वर येऊ शकते. दुसरी गोष्ट गोगलगाईच्या स्वभावाची. पाणी स्वच्छ झाले तरी पिल्ले तरंगत येत नसल्याने रिकामे खडक भरायला वेळ लागतो. विष गेल्यावरही नकाशावरची मोकळी जागा बरीच वर्षे मोकळीच राहते.

काही किनारे मात्र मुळात रिकामे झालेच नाहीत. इंग्लंडच्या केंट परगण्यात डम्प्टन गॅप नावाची जागा आहे. आजूबाजूच्या वसाहती संपत असताना तिथल्या डॉग व्हेल्क टिकून राहिल्या. गिब्स यांनी तपासले तेव्हा कळले, की तिथल्या काही नरांमध्ये जननेंद्रिय जन्मतःच अपुरे असते. हा आनुवंशिक दोष. पण तोच दोष असलेल्या माद्यांमध्ये टीबीटीमुळे मार्ग बुजण्याइतकी वाढ होत नव्हती, त्यामुळे त्या अंडी घालू शकत होत्या. सिकलसेलचा एक जनुक बाळगणाऱ्या माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, त्याच जातीचे हे उदाहरण. चांगल्या दिवसांत निरुपयोगी वाटणारे वैविध्य वाईट दिवसांत वसाहत वाचवते.

हेच स्वीडनमध्ये वेगळ्या वाटेने दिसले. १९८८ मध्ये स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर विषारी शेवाळाचा मोठा उद्रेक झाला आणि समुद्रातल्या लहान खडकबेटांवरची लिटोरिना सॅक्साटिलिस ही गोगलगाय नाहीशी झाली. तिचीही पिल्ले तरंगत जात नाहीत, म्हणून ती बेटे रिकामीच राहिली. १९९२ मध्ये केर्स्टिन योहानेसन यांनी अशा एका बेटावर सातशे गोगलगाई नेऊन सोडल्या. त्या खेकड्यांच्या भागातल्या, जाड शंखाच्या होत्या, आणि बेट होते लाटांच्या माऱ्यातले. पुढच्या सुमारे तीस वर्षांत त्यांचे वंशज आकाराने लहान, पातळ शंखाचे, लाटांना तोंड देणारे झाले. पूर्वी तिथे राहणाऱ्या गोगलगाईंसारखे. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा बदल शक्य झाला, कारण लागणारे जनुकीय भेद त्या वसाहतीत आणि शेजारच्या वसाहतींत आधीपासून थोड्या प्रमाणात होते. वसाहत पार रोडावलेली असती, तर हे भेद कुठून आले असते?

माणसाचा संबंध

गोगलगाईचे नर-मादी बिघडले, त्याचे माणसाला काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बरीच वर्षे समज होता, की टीबीटी एका विकरात अडथळा आणते आणि त्यामुळे मादीत पुरुषी संप्रेरक वाढते. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले, की खरा धागा वेगळा आहे. पेशीत रेटिनॉइड एक्स रिसेप्टर नावाचे एक कुलूप असते. जीवनसत्त्व अ पासून शरीरात तयार होणाऱ्या द्रव्याची चावी त्याला लागते आणि काही जनुके सुरू होतात. टीबीटी ही त्या कुलपाला बसणारी बनावट चावी आहे. हेच कुलूप माणसाच्या पेशींतही आहे.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील ब्रूस ब्लूमबर्ग आणि फेलिक्स ग्रून यांनी दाखवून दिले, की गरोदर उंदरांना टीबीटी दिले तर त्यांच्या पिल्लांत चरबीचे प्रमाण वाढते. चरबी साठवायला लावणाऱ्या अशा रसायनांना ऑबेसोजेन म्हणतात. या शब्दाच्या प्रसारात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. माणसात टीबीटीमुळे लठ्ठपणा येतो असे यावरून सिद्ध होत नाही, आणि पोट सुटल्याचे खापर रंगावर फोडता येणार नाही. पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००४ मध्येच या गटातल्या टिन-संयुगांसाठी रोजची सुसह्य मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.२५ मायक्रोग्रॅम इतकी कमी ठरवली होती. तिचा आधार होता प्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम. मासे आणि शिंपले हा या द्रव्यांचा माणसापर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग आहे.

नकाशा पुन्हा हलतो आहे

विषाचा अध्याय मिटत असताना नकाशावर दुसरी हालचाल सुरू झाली आहे. भोवऱ्याच्या आकाराच्या टॉपशेल गोगलगाईंपैकी फॉर्कस लिनिएटस ही मुळात दक्षिणेकडची, उबदार पाण्यातली जात. ब्रिटनमध्ये तिची उत्तरेकडची सीमा आहे. १९५० च्या दशकात ॲलन साउथवर्ड आणि डेनिस क्रिस्प यांनी ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवर कुठल्या जाती कुठपर्यंत सापडतात, हे काटेकोरपणे नोंदवले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी पडली आणि वेल्सच्या किनाऱ्यावरच्या या गोगलगाई मोठ्या प्रमाणावर मेल्या. सीमा मागे हटली. ती किती हटली हे सांगता आले, कारण आधीची सीमा कागदावर होती.

शतक बदलल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ही जात आणि तिची एक बहीण-जात उत्तरेकडे आणि इंग्लिश खाडीतून पूर्वेकडे सरकलेल्या आढळल्या. हिवाळे सौम्य झाले आहेत आणि पिल्ले थंडीत तग धरू लागली आहेत. थंड पाण्यातल्या जातींवर दक्षिणेकडून ताण येतो आहे. एकट्या गोगलगाईवरून हवामानबदलाचा निष्कर्ष कुणी काढणार नाही. पण तापमापकाने मोजलेली वाढ सजीवांपर्यंत पोहोचली का, या प्रश्नाचे उत्तर तापमापक देऊ शकत नाही, ते खडकावरच्या मोजणीतूनच मिळते.

कोकणच्या खडपांवर

ही कहाणी केवळ युरोपची नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये भारतीय किनाऱ्यावरच्या एका गोगलगाईत इम्पोसेक्स आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. तिचे शास्त्रीय नाव क्रोनिया कोकणेन्सिस. नावातच कोकण आहे. पुढे मुंबई आणि कोची बंदरांच्या गाळातही याच गटातली टिन-संयुगे सापडल्याचे संस्थेच्या अभ्यासातून पुढे आले. भारतही आता या करारात सामील आहे. मात्र कराराने जुन्या जहाजांना टीबीटीच्या थरावर अभेद्य लेप चढवून चालवण्याची मुभा दिली होती. अशी जहाजे मोडीत निघतात तेव्हा तो जुना थर खरवडला जातो, आणि जहाजतोडणीचे मोठे केंद्र गुजरातेत अलंगला आहे. त्यामुळे आपल्याकडे हा विषय २००८ मध्ये संपला, असे धरून चालणे घाईचे ठरेल.

दरम्यान जहाजांचे बूड स्वच्छ ठेवण्याची गरज संपलेली नाही. टीबीटीच्या जागी तांबे आणि त्याच्या जोडीला इतर जैवनाशके आली. सायब्युट्रिन त्यांतलेच एक, आणि २०२३ मध्ये त्याच्यावरही बंदी आली. एक द्रव्य जाते, दुसरे येते. प्रत्येक वेळी पुरावा गोळा होईपर्यंत दशके थांबायचे, की वापराच्या सुरुवातीलाच प्रजननावरचा परिणाम तपासायचा, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे. गोगलगाईच्या बाबतीत उशिराची किंमत कुणाच्या हिशेबवहीत आली नाही. कालवांच्या बाबतीत आली, म्हणून पाच वर्षे आधी बंदी झाली.

युरोपला निदान करता आले याचे कारण महागडी यंत्रे हे नव्हते. जुन्या पाहण्या होत्या, ठरलेली ठिकाणे होती, आणि त्याच ठिकाणी पुन्हापुन्हा जाऊन गोगलगाई मोजणारी माणसे होती. रुग्णाचा जुना केसपेपर असला की आजचा रक्तदाब वाढला आहे की नेहमीचाच आहे, हे लगेच कळते. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे, त्यावर वाढती बंदरे आहेत, आणि किनाऱ्याला लागून विज्ञानशाखा असलेली महाविद्यालये आहेत. दर ओहोटीला खडपांवर जाऊन कालवे आणि शंख-शिंपले वेचणाऱ्या बायका आहेत, ज्यांना कोणती जात कुठे कमी झाली हे कुणी न विचारताही ठाऊक असते. बंदरापासून ठरावीक अंतरावरचे काही खडक नेमून, वर्षातून दोनदा, उधाणाच्या मोठ्या ओहोटीला तिथल्या गोगलगाईंची जात, संख्या आणि नर-मादी प्रमाण नोंदवणे, हे महाविद्यालयीन प्रकल्पाच्या आवाक्यातले काम आहे. पहिल्या वर्षीच्या आकड्यांतून काहीच कळणार नाही. दहाव्या वर्षी कळू लागेल, आणि त्यासाठी पहिले वर्ष कधीतरी सुरू करावे लागेल.